गाडी सरळ घुसवावी की रिव्हर्स लावावी? फरक कळतो निघताना

रत्नागिरी : गणपतीत चाकरमानी आले की वाडीतल्या घराघरांत गाड्या उभ्या राहतात. घाईत बरेचजण गाडी सरळ अंगणात घुसवतात. पण निघताना तीच गाडी मागे घेत रस्त्यावर काढावी लागते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा असला, की गाडीचा मागचा भाग रस्त्यावर येईपर्यंत येणारी एसटी किंवा दुचाकी दिसत नाही.

रिव्हर्स लावलेली गाडी तोंड पुढे करून निघते, त्यामुळे रस्ता लवकर दिसतो. शिवाय वळतात ती पुढची चाके, म्हणून मागे घेताना गाडी कमी जागेत बसते.

मात्र रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागे बघा. गाडीला चिकटून बसलेलं लहान पोर आरशात दिसत नाही. कॅमेरा असला तरी पोरांना आधी पडवीत बसवा, मगच गाडी हलवा.

तिरके पट्टे आखलेल्या पार्किंगमध्ये सरळ लावणेच सोयीचे. आंब्याच्या दिवसांत डिकीत पेट्या भरायच्या असतील तरी तसेच. एरवी गाडी मागे घ्यायची ती येतानाच, अंगणात घ्या. निघताना रस्त्यावर नको.