गोपनीयता, वैयक्तिक माहितीची

गोपनीयता, वैयक्तिक माहितीची : स्वतःविषयीची माहिती कोणाला, कितपत व कोणत्या कारणासाठी मिळावी हे ठरविण्याच्या व्यक्तीच्या अधिकारास वैयक्तिक माहितीची गोपनीयता असे म्हणतात. गोपनीयता म्हणजे लपवाछपवी नव्हे. खेड्यात कोणाची जमीन किती, कर्ज किती, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असतेच. मात्र ते कोणाकोणाला ठाऊक आहे, हेही माहीत असते. ॲप व संकेतस्थळे यांच्या वापरात हे परस्परज्ञान नाहीसे होते. ठिकठिकाणी दिलेली तुटक माहिती एकत्र जोडली जाते, दीर्घकाळ साठविली जाते आणि जिला ती दिली त्या संस्थेखेरीज इतरांकडेही जाऊ शकते.

भारतीय संविधानात या हक्काचा स्पष्ट उल्लेख नाही. खरकसिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला नव्हता. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. पुढे आधार योजनेला दिलेल्या आव्हानातूनच हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे आला व २४ ऑगस्ट २०१७ रोजी पीठाने एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. संसदेने २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या कायद्यानुसार संमती स्वेच्छेची, विशिष्ट कारणापुरती व माहितीपूर्वक असावी लागते. ती देण्याइतकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येते. शासनाला मिळालेल्या व्यापक सवलतींमुळे या कायद्यावर टीका झाली आहे व ती निराधार नाही.

मात्र ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे : यंत्र ज्याच्या हाती, माहिती त्याची व संमतीही त्याचीच. ग्रामीण महाराष्ट्रात हे पुष्कळदा खरे ठरत नाही. डोणगावसारख्या (ता. मेहकर, जि. बुलढाणा) गावातील सोयाबीन वा कापूस उत्पादकाला पीकविम्यासारख्या कामासाठी आधार, खातेपुस्तिकेची प्रत, सातबारा उतारा इ. कागद द्यावे लागतात. अर्ज बहुधा सेवा केंद्राचा चालक भरतो. कागदांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून त्याच्याकडे जातात, मोबाइलवर आलेला ओटीपी त्यालाच सांगितला जातो आणि ‘मी सहमत आहे’ या चौकटीत खूणही तोच करतो. त्याचा हेतू वाईट असतो असे नव्हे, किंबहुना त्याच्यावाचून अनेकांचे अर्जच होणार नाहीत. तथापि काम संपल्यावरही कागद त्याच्या संगणकात राहतात व चुकलेल्या झेरॉक्स प्रती रद्दीत जातात. घरात मोबाइल एकच असेल, तर पत्नीच्या खात्याचे संदेशही पतीच्या वा मुलाच्या हाती पडतात. सातबाऱ्याची गोष्ट निराळी. तो मुळातच सार्वजनिक अभिलेख होय. परंतु पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे जावे लागे, आता ‘इतर हक्क’ या सदरातील कर्जाच्या बोजासह तो कोणालाही कोठूनही पाहता येतो.

अशा स्थितीत काही उपाय हाती राहतात. आधारची केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत काढता येते व जेथे पूर्ण क्रमांक आवश्यक नाही तेथे तीच द्यावी. बोटांचे ठसे व बुबुळांच्या आधारे होणारी ओळखपडताळणी आधारधारकाला स्वतः बंद ठेवता येते. ओटीपी सांगण्यापूर्वी संदेशातील कारण वाचून, किंवा दुसऱ्याकडून वाचवून, घ्यावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. काम होताच केंद्रातील संगणकावरचे खाते बंद करवून घ्यावे व पाठविलेली छायाचित्रे आपल्यासमोर पुसावयास सांगावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ॲप बसविताना मागितल्या जाणाऱ्या परवानग्यांमध्ये संपर्कयादीची परवानगी सर्वांत दुर्लक्षित असते. तत्काळ कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी याच यादीतील नातेवाइकांना व परिचितांना दूरध्वनी करून कर्जदारांची बदनामी केली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपांना संपर्कयादी, छायाचित्रे व संभाषणांच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. अनधिकृत ॲपे अर्थातच ती पाळत नाहीत. शिवाय ही यादी एकट्या कर्जदाराची नसते. तिच्यातील शेजारी, व्याही वा शाळेतील गुरुजी यांना कोणी विचारलेलेच नसते. परवानगी मोबाइलच्या सेटिंगमधून नंतर काढून घेता येते, पण तोवर गेलेली यादी परत येत नाही. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ती जितकी लवकर होईल, तितकी रक्कम मधेच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.