पहारेकऱ्याचा धनी कोण?

घरावर पहारा असावा ही इच्छा नवी नाही. वाड्याच्या देवडीवर शिपाई असे, पेठेतून रात्री गस्तवाला हाका देत फिरे, आणि ज्याला काहीच परवडत नसे तो दाराशी कुत्रे पाळी. आता त्या जागी कॅमेरा आला आहे. बाजारातून आणला, दारावर बसविला आणि मोबाइलवर चित्र दिसू लागले, इतके ते सोपे झाले आहे. परंतु पहारेकरी नेमताना आपल्या वडीलधाऱ्यांनी जो प्रश्न सर्वांआधी विचारला असता, तो आपण कॅमेरा घेताना विचारीत नाही. हा मीठ कोणाचे खातो आणि हुकूम कोणाचा मानतो? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही आज एका लहानशा यंत्राची ओळख करून देणार आहोत.

बाजारात मिळणारे पुष्कळसे कॅमेरे आपले चित्र कंपनीच्या दूरच्या संगणकावर पाठवितात आणि तेथून ते आपल्या मोबाइलवर येते. म्हणजे आपल्या दाराचे चित्र पाहण्यासाठी आपणच दुसऱ्याच्या दारात उभे राहावयाचे. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कॅमेरा-कंपनीवर असा आरोप ठेवला की, तिच्या नोकरांना व कंत्राटदारांना ग्राहकांचे खाजगी चित्रण पाहता येत होते. ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य करून कंपनीने ते प्रकरण मिटविले. पगार आपण द्यावा आणि घरातल्या गोष्टी पहारेकऱ्याने दुसऱ्याला सांगाव्या, असाच हा प्रकार नव्हे काय?

यावर तोडगा आहे आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय नावाचा एकफलकी संगणक विक्रीस आणला. मुलांनी संगणकाचे काम हाताने करून शिकावे, हा एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू. म्हणून पहिल्या फलकाची किंमत ३५ डॉलर ठेवली. लांबी ८५ आणि रुंदी ५६ मिलिमीटर, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढा. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. ते लागेल तेव्हा जोडावे. तो लिनक्सवर चालतो. कॅमेऱ्याच्या कामाला सुमारे ५ वॅट वीज धरली, तर दिवसरात्र चालवून महिन्याला ३.६ युनिट होतात.

या फलकावर पहाऱ्याची आज्ञावली चालवावयाची. अशा अनेक आहेत. त्यांतली ‘मोशन’ ही जुनी, साधी आणि मुक्त परवान्याची आहे. मुक्त परवाना म्हणजे तिची घडण कोणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. आत काय चालले आहे हे पाहण्याची मुभा ज्या यंत्रात आहे, त्यावरच विश्वास ठेवणे शहाणपणाचे. फलकाला साधा यूएसबी कॅमेरा जोडता येतो, किंवा घरच्या जाळ्यावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्रही त्यावर घेता येते.

मोशनचे काम हजेरीपटासारखे आहे. चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. ६४० ठिपके आडवे आणि ४८० उभे धरले, तर एकूण ३,०७,२०० होतात. आज्ञावली नव्या चित्राचा प्रत्येक ठिपका आधीच्या चित्रांवरून बांधलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. बदललेल्या ठिपक्यांची संख्या ठरीव मर्यादेपलीकडे गेली की कोणीतरी हलले असे ती समजते आणि चित्रण सुरू करते. ही मर्यादा मुळात १५०० ठिपक्यांची असते; ती आपणास कमीजास्त करता येते.

येथे पहारेकऱ्याला शिकवावे लागते. अंगणातले झाड वाऱ्याने डोलले, ढगाआडून एकदम ऊन पडले, भिंतीवरून पाल गेली की, तो हाकाटी करतो. मर्यादा फार कमी ठेवली तर रात्रभर खोटी हाकाटी, फार वाढविली तर चोर सुखरूप आत. त्यास उपाय तीन. मर्यादा चारसहा दिवस पाहून हळूहळू बसवावी. एकदम झालेला प्रकाशाचा बदल सोडून देण्याची सोय असते, ती लावावी. आणि झाडाच्या जागी काळा रंग भरलेले एक मुखवट्याचे चित्र द्यावे; काळ्या भागातली हालचाल मोशन मोजीत नाही. माणूस व कुत्रे यांतला भेद ओळखणारी ‘फ्रिगेट’सारखी आज्ञावलीही आहे, पण तिच्या हिशेबाने लहान फलक दमतो, सोबत वेगळी चिप जोडलेली बरी.

हालचालीपुरतेच चित्रण का घ्यावयाचे, हे आकड्यांनी कळेल. सेकंदाला २० लाख बिट या दराने अखंड चित्रण केले, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. ३२ गिगाबाइटचे कार्ड दीड दिवसातच भरेल. शिवाय सतत लिहून पुसून अशी कार्डे झिजतात, म्हणून चित्रणासाठी वेगळी डिस्क जोडावी. वीज अवचित गेली तर कार्डावरची नोंद बिघडते, तेव्हा लहानशी बॅटरी असू द्यावी. फलक कॅमेऱ्याजवळ न ठेवता आतल्या कपाटात ठेवावा. नाहीतर चोर पुराव्यासकट पहारेकऱ्यालाच उचलून नेईल.

बाहेरगावाहून घर पाहावयाचे असल्यास कित्येक लोक राउटरचे दार उघडे करून ठेवतात. २०१६ साली मिराय नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले सांकेतिक शब्द वापरून असंख्य कॅमेरे व चित्रणपेट्या आपल्या चाकरीला लावल्या, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेच्या हल्ल्याने अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना पत्ताही नव्हता. रास्पबेरी पायलाही पूर्वी सर्वांना ठाऊक असलेले नाव आणि सांकेतिक शब्द असत; २०२२ च्या एप्रिलमध्ये ते काढून टाकले. तेव्हा सांकेतिक शब्द आपला ठेवावा, आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी आणि बाहेरून यावयाचे तर ‘वायरगार्ड’सारख्या कुलुपबंद वाटेनेच यावे.

एवढे केले म्हणजे पहारेकरी आपला झाला. परंतु मग त्याच्या वर्तनाची जबाबदारीही आपलीच झाली, आणि इथेच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे आहे. आपल्या दाराशी चोर क्वचित येतो. रोज येते ती धुणीभांडी करणारी बाई, दूधवाला, पार्सल आणणारा पोरगा, समोरच्या बिऱ्हाडातली लेकीबाळी. कॅमेऱ्यात वर्षभर हीच माणसे भरतात. चेक प्रजासत्ताकातील एका घरमालकाच्या कॅमेऱ्यात रस्ता आणि समोरच्या घराचे दारही येत होते. ११ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरविले की, सार्वजनिक जागा टिपणारा असा कॅमेरा निव्वळ घरगुती बाब म्हणून कायद्यातून सुटत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. मात्र माहिती-संरक्षणाचा आपला २०२३ चा कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू होत नाही. जेथे कायद्याने हात आखडला आहे, तेथे माणुसकीने तो पुढे करावा.

कारखान्यात कॅमेरे लागतात तेव्हा आम्ही संघटनेची माणसे व्यवस्थापनाला तीन गोष्टी विचारतो: कोठे बसविला, चित्र कोण पाहतो, किती दिवस ठेवता? जे आपण मालकाला विचारतो, ते घरकाम करणाऱ्या बाईने आपल्याला विचारले तर रागावण्याचा अधिकार आपणास नाही. उलट तिने विचारण्यापूर्वीच सांगावे. ती जेथे बसून चार घास खाते तेथे कॅमेरा नसावा. आवाज नोंदवू नये. सात दिवसांपूर्वीचे चित्रण पुसण्याचे काम फलकालाच नेमून देता येते, ते द्यावे. शेजाऱ्याचे दार चित्रात येत असेल तर मोशनमध्ये दुसऱ्या एका मुखवट्याची सोय आहे. त्याने तेवढा भाग चित्रणातूनच वगळला जातो. आणि कोणावर आळ घ्यावयाची वेळ आली, तर चित्रणाचा सोयीचा तुकडा दाखवू नये. त्या वेळचे जपलेले सगळे चित्रण त्या माणसासमोर लावावे.

या सर्व सोयी त्या पत्त्याच्या पानाएवढ्या फलकात आहेत आणि त्या चालविणे आपल्या हाती आहे. कोणते दार पाहावयाचे, कोणते वगळावयाचे आणि पाहिलेले केव्हा विसरावयाचे, हे पहारेकऱ्याला सांगणे धन्याचे काम आहे. कॅमेरा सुरू करण्याआधी ते सांगून टाकावे.