बाजेखालची सायकल आणि वरंधा घाट

आपल्या वस्तीत सायकल नको म्हणण्याचं कारण बहुधा एकच असतं: ठेवायची कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात. बोळात लावली तर सकाळी चाकात हवा नसते, कधी सायकलच नसते. घडीची सायकल इथं कामाला येते. मधली बिजागरी सोडली की ती दुमडते, हँडल खाली येतं, सीटचा दांडा आत जातो आणि सगळं बाजेखाली सरकतं. चाकं 16 किंवा 20 इंचांची, म्हणून पोरं हसतात, सर्कशीतली आणली का म्हणतात. हसू द्या. चाक लहान असलं तरी पुढचं दातेरी चक्र मोठं असतं, त्यामुळे एका पायडलात ती बऱ्यापैकी अंतर काटते. मधला दांडा खाली असल्यानं बायांना पाय उंच टाकावा लागत नाही. सीट वरखाली केली की आई, लेक आणि बाप एकच सायकल चालवू शकतात. साध्या सायकलीपेक्षा ती महाग मात्र आहे. बचत गटाचं कर्ज काढून घेऊ नका. जुनी मिळते का बघा, किंवा दोन-तीन घरांनी मिळून घ्या.

या सायकलीवर नांदेड-लातूरचा माणूस समुद्रापर्यंत जाऊ शकतो. सगळं अंतर पायडल मारायची गरज नाही. नांदेड-पनवेल गाडी लातूर, कुर्डुवाडी करत पुण्याला जाते. घडी करून जुन्या चादरीच्या पिशवीत शिवलेली सायकल सामानासारखी सोबत नेता येते; तरी स्टेशनवर आधी विचारून घ्या. पुण्याहून भोर, तिथून वरंधा घाट आणि खाली महाड. चवदार तळ्याच्या या गावाला आपण 20 मार्चला गाड्या करून जातो. सायकलीनं गेलं की ते सह्याद्रीच्या किती पायथ्याशी आहे ते मांड्यांना कळतं. पुढं मंडणगड, ज्या तालुक्यात बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आहे, मग दापोली, हर्णै, दाभोळ. दाभोळहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून धोपावे, मग गुहागर, आणि चिपळूणला कोकण रेल्वे. पावसाळ्यात वरंध्यात दरडी कोसळतात, तेव्हा जाऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

लोक चढाला घाबरतात. चढावर दमलात तर उतरून ढकला, त्यात लाज नाही. खरी काळजी उताराची. लहान चाकाच्या रिमला धातू कमी, म्हणून ती लवकर तापते. घाटभर ब्रेक दाबून धरला तर ट्यूब फुटू शकते. वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि मग सोडा. मधून मधून थांबून रिम गार होऊ द्या, पण तिला हात लावू नका, चटका बसतो. लहान चाक खड्ड्यात पटकन अडकतं, त्यामुळे अंधारात घाट उतरू नका. निघण्याआधी बिजागरीचा खटका घट्ट बसलाय का, हे रोज हातानं तपासा.

तयारी घरीच होते. पहिले पंधरा दिवस रोज अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते यातच भागतं. मग नांदेडहून लोहा, अहमदपूरकडे थोडं थोडं अंतर वाढवा. गोदावरीचं खोरं सोडून बालाघाटावर चढताना पायांची परीक्षा होते. गुडघे दुखले तर आधी सीट बघा. टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेकांची सीट फार खाली असते.

लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण आपल्याकडची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. कोकणात तो वाळत नाही, अंग तापलेलंच राहतं. किनाऱ्याचा रस्ता सपाटही नाही, खाडी आली की उतार आणि लगेच चढ. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा, तहान लागण्याआधी घोट घ्या. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. चक्कर, मळमळ, बडबड सुरू झाली तर सावलीत झोपवून अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. जास्त श्रमानंतर साखर रात्रीही उतरू शकते. हात थरथरले, गार घाम सुटला की लगेच तीन-चार चमचे साखर खा आणि सोबत्याला सांगा. म्हणूनच एकट्यानं जाऊ नका. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर तिथंच थांबायचं, पुढचं गाव गाठू म्हणायचं नाही.

परत आल्यावर सायकल गोड्या पाण्यानं पुसून घ्या. खाऱ्या वाऱ्यानं बिजागरी गंजते. दोन थेंब तेल सोडा, मग घडी करून बाजेखाली.