बांधकामाची धूळ आणि फुप्फुसांचे आरोग्य

सिद्धेश्वर परिसराला बांधकाम नवे नाही. पूर्णा नदीवरील येथील धरण १९६० च्या दशकात उभे राहिले. आज मात्र सिमेंट-काँक्रीटचे काम गावोगाव पोहोचले असून छिन्नी-हातोड्याची जागा विजेच्या कटरने व ग्राइंडरने घेतली आहे. काम झपाट्याने होते, पण उडणारी धूळही अतिशय सूक्ष्म असते. तिच्याविषयी येथे लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

सिमेंट छातीत साचते, असा सर्वसाधारण समज आहे. सिमेंट त्वचेस व डोळ्यांस दाहक आहे, यात शंका नाही. गवंड्यांच्या हातांवरील इसब आमच्या परिचयाचा आहे. तथापि फुप्फुसांना खरा धोका आहे तो वाळू, खडी, विटा, ग्रॅनाइट यांत कमी-अधिक प्रमाणात असणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेचा, म्हणजेच गारगोटीच्या द्रव्याचा. वाळलेले काँक्रीट किंवा गिलावा कापताना, घासताना ती मोकळी होते. डोळ्यांना दिसणारा धुरळा बहुतांशी नाका-घशातच अडकतो. घातक कण दिसतच नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पटींहूनही ते लहान असतात. फुप्फुसातील रक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु पचवू न शकल्याने स्वतःच नष्ट होतात आणि त्या जागी कठीण गाठी बनतात. हाच सिलिकॉसिस. तो बहुधा दहा वर्षांनंतर प्रकट होतो, धूळ फार असल्यास त्याआधीही. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरविली.

सिलिकॉसिसच्या रुग्णास क्षयरोग लवकर जडतो. शिवाय दोहोंची लक्षणे सारखी, क्ष-किरण चित्रही फसवे. त्यामुळे क्षय नसताना क्षयाची औषधे घेतली जातात, किंवा क्षय बरा झाला तरी दम कायम राहतो आणि रुग्णाचा उपचारावरील विश्वास उडतो. थुंकीची तपासणी म्हणूनच टाळू नये. व्यवसाय विचारला की ‘मजुरी’ एवढेच उत्तर मिळते. त्या एका शब्दात सारे झाकले जाते. कोणते यंत्र चालविले, किती वर्षे, गावी की पुण्या-मुंबईस, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही. चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा, कोरडे झाडण्याऐवजी पाणी शिंपडावे, कामाचे कपडे घरात झटकू नयेत. ती धूळ मुलांच्या श्वासात जाते. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ओले करून कापणे. मात्र त्यासाठी पाण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे. साध्या कटरवर पाणी ओतल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. घर बांधून घेणाऱ्यांनी ठेकेदाराशी ठरविताना हे यंत्र आधीच मागून घ्यावे.