तालमीतली चढाओढ आणि वस्तादाची नजर

छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेल्या १९१२ सालच्या खासबाग मैदानामुळे कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास बहुधा मैदानी लढतींच्या अंगाने लिहिला जातो. तथापि मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी यांसारख्या तालमींतील रोजची चढाओढ समजून घेतल्याशिवाय मल्ल कसा घडतो, हे उलगडत नाही. हौदा, म्हणजे तेल, ताक, हळद घालून मऊ ठेवलेली तांबड्या मातीची जागा, पहाटे उकरून घेतल्यावर पठ्ठे, म्हणजे वस्तादाचे, तालमीतल्या गुरूचे, शिष्य, जोर-बैठका काढून सरावाच्या लढतींना उतरतात आणि तेथे कोणाची जोड कोणाशी लावायची, हे वस्ताद ठरवतो.

जोड लावण्यातच त्याचे खरे कसब असते. अंगाने भारी पठ्ठ्याला तो चपळ पोराशी भिडवतो, म्हणजे केवळ वजनावर विसंबण्याची खोड मोडते. एखादा नवा पोरगा ढाक मारताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हात व मान पकडून त्याला कमरेवरून फेकताना, पाय मागे ठेवत असेल, तर थोराड मल्लाला समोर उभे करून वस्ताद त्या पोराकडून तोच डाव पुन्हा पुन्हा करून घेतो, आणि थोराडाला केवळ तोल राखण्याची मुभा असते. येथे गुण नसतात, घड्याळ नसते. थांबवायचे केव्हा, हे वस्तादाच्या नजरेवर असते. १९६० साली हिंदकेसरी किताब जिंकलेले गणपतराव आंदळकर यांच्यासारख्या अव्वल मल्लाने पुढे मोतीबागेत वस्ताद म्हणून अनेक पठ्ठे घडवले, यावरून या पदाची थोरवी कळते.

एका वस्तादाचे पठ्ठे मैदानात सहसा एकमेकांविरुद्ध उतरत नाहीत, हा जुना संकेत याच व्यवस्थेतून आला. रोज एकमेकांची उणीव काढणाऱ्यांची ईर्षा हौद्याबाहेर जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू, आणि तो अत्यंत शहाणपणाचा होता. मॅटवर, म्हणजे गादीवर, होणाऱ्या वजनगटांच्या स्पर्धांत मात्र सोडतीनुसार गुरुबंधूच समोरासमोर येऊ शकतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मिळवायचे असल्याने सरावही त्याच घाईचा होतो. मॅटला विरोध करण्याचे कारण नाही, कारण मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर लढून सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून परतले. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा चढाओढीचे हे दालन मुलींनाही खुले झाले, ही विशेष समाधानाची गोष्ट होय.

चिंता आहे ती वेगळीच. मॅट विकत घेता येते, इमारत बांधता येते. परंतु कोणत्या पोराला आज हरू द्यायचे आणि कोणाला जिंकवायचे, हे जाणणारा वस्ताद वर्षानुवर्षे हौद्याकाठी बसल्याशिवाय तयार होत नाही. तालमींना साहित्य देणाऱ्या शासनाने आणि दानशूरांनी वस्तादाच्या नियमित मानधनाची तरतूद आधी करावी.