मेफेअर घराण्याच्या चेटकिणी आणि त्यांचे वाचक

पृष्ठें साडेनऊशेंच्या वर, कथेचा काळ तीन शतकांचा, आणि पात्रांची गर्दी वंशावळ समोर ठेवल्यावांचून न आवरणारी, असा ग्रंथ हातीं घेऊन शेवटच्या पानापर्यंत पोंचणारा वाचक आतां दुर्मिळ झाला, असें सर्वत्र म्हटलें जातें. अमेरिकन लेखिका ॲन राइस यांची 'द विचिंग अवर' ही कादंबरी या समजुतीस चांगलाच अपवाद आहे. १९९० सालीं ती प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षीं 'लोकस' या मासिकाचें भयकथेसाठीं असलेलें पारितोषिक तिला मिळालें. हें पारितोषिक पंडितांची समिति देत नाहीं, वाचकांच्या मतांवरून तें ठरतें. तिला 'लॅशर' व 'टॅल्टॉस' असे दोन उत्तरभागही १९९३ व १९९४ सालीं लाभले. राइसबाई ११ डिसेंबर २०२१ रोजीं निवर्तल्या. त्यांच्या या पुस्तकाविषयींचा वाचकांचा कलह मात्र मिटलेला नाहीं. कोणी म्हणतो, असें पुस्तक पुन्हां होणें नाहीं. कोणी म्हणतो, यांतील चारशें पानें कात्रीनें उडवावीं. गंमत अशी कीं, दोघेही बहुधा त्याच चारशें पानांविषयीं बोलत असतात.

कथासूत्र थोडक्यांत असें. सतराव्या शतकांत स्कॉटलंडमधील डोनेलेथ या गांवीं सुझान नांवाची, औषधपाणी जाणणारी एक साधीभोळी बाई एका अदृश्य शक्तीस हांक मारते. ती शक्ति लॅशर या नांवानें तिच्यापाशीं येते. सुझान जाळली जाते. लॅशर तिच्या मुलीकडे जातो, तिच्यामागून नातीकडे. स्कॉटलंडहून फ्रान्स, तेथून आज ज्यास हैती म्हणतात ती सां-दोमिंग वसाहत, आणि तेथील गुलामांच्या उठावानंतर अमेरिकेंतील लुइझियाना, असा या मेफेअर कुळाचा प्रवास होतो. संपत्ति वाढत जाते. ती मुलाकडे न जातां प्रत्येक पिढींत एका मुलीकडे जाते, व त्या मुलीनें विवाहानंतरही मेफेअर हेंच आडनांव ठेवावें, असा दंडक असतो. विवाहाबरोबर मुलीचें गोत्र बदलतें हें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे, अशा आम्हांस ही व्यवस्था मोठी कुतूहलाची वाटली. तेरावी वारस रोवन ही मेंदूच्या शस्त्रक्रियेंत निष्णात असलेली डॉक्टर आहे. जन्मतांच आईपासून तोडून तिला कॅलिफोर्नियांत वाढविलें आहे आणि आपल्या कुळाची तिला गंधवार्ताही नाहीं. समुद्रांत बुडालेल्या मायकेल करी या गृहस्थास ती वांचविते, आणि तेथून दोघांचेंही पाऊल न्यू ऑर्लीन्सच्या वाटेस लागतें.

'चेटकीण' हा शब्द आम्ही नाइलाजानें वापरीत आहों. तो उच्चारतांच आपल्यापुढें मुलांच्या गोष्टींतील विस्कटलेल्या केसांची म्हातारी उभी राहते. संस्कृतांतील 'डाकिनी' घ्यावी तर ती तंत्रग्रंथांत देवतांच्या परिवारांत बसलेली. सुझान यांपैकीं कोणीच नव्हे. ती आपल्याकडील सुइणीला अधिक जवळची. स्कॉटलंडांत १५६३ सालीं चेटकाविरुद्ध कायदा झाला आणि १७३६ सालीं तो रद्द होईपर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसांवर या गुन्ह्याचा आरोप आला. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. या इतिहासाची किंचित् तरी ओळख असलेला वाचक पुस्तकाच्या आरंभींच्या चितेकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. कित्येक वाचकांस या भागांत भय वाटण्याऐवजीं दुःख झालें, तें आम्हांस यथार्थ वाटतें.

आतां त्या वादग्रस्त पानांकडे वळूं. मायकेल करी बुडून वांचल्यापासून त्याच्या हातांस विलक्षण गुण आलेला असतो. ज्या वस्तूस हात लावावा तिचा पूर्वेतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो, म्हणून तो सदैव हातमोजे घालून वावरतो. त्याला ॲरन लाइटनर नांवाचा एक वृद्ध इंग्रज विद्वान् भेटतो. 'टॅलामास्का' या अद्भुताचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन मंडळाचा हा सभासद. या मंडळानें तीनशें वर्षें मेफेअर कुळावर नजर ठेवून एक दप्तर तयार केलेलें आहे. तें तो मायकेलपुढें ठेवतो, मायकेल वाचूं लागतो, आणि त्याच्याबरोबर आपणही वाचूं लागतों. रोवन, मायकेल, त्यांचें प्रेम, त्यांच्यावरील संकट, सर्व कांहीं शेंकडों पानें जागच्या जागीं थांबतें. पत्रें, साक्षी, शेजाऱ्यांच्या आठवणी आणि ऐकीव वार्ता यांचा ढीग सुरू होतो. येथेंच अनेकांनीं पुस्तक मिटलें. येथेंच उरलेल्यांस तें सोडवेना.

थांबण्याची तक्रार आम्हांस मुळांतच मान्य नाहीं. ज्या ग्रंथाच्या नांवावरून मराठींत या सर्व वाङ्मयप्रकारास नांव मिळालें, त्या बाणभट्टाच्या ग्रंथांत एक पोपट राजसभेंत कथा सांगतो, त्या कथेंत एक ऋषि कथा सांगतो, आणि कथेच्या पोटांतील कथेंत नायिका बरीच उशिरां भेटते. तेथें घाई करून चालत नाहीं. परंतु या अमेरिकन दप्तराचें खरें साम्य आम्हांस दुसऱ्याच एका ग्रंथप्रकाराशीं दिसलें. आपल्या घरोघरीं लाल किंवा हिरव्या कापडी बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ असतो: कुलवृत्तांत. मूळ पुरुष कोण, कोणत्या गांवाहून कोणत्या गांवीं आला, वतन कसें मिळालें, कोणाचा हुद्दा काय, कोण निपुत्रिक वारला, हें सर्व त्यांत असतें. काय नसतें? माजघरामागील अंधाऱ्या खोलींत वीस वर्षें काढलेली काकू त्यांत नसते. विहिरीचा उल्लेख जलाशय म्हणून येतो, तिच्यांत कोण गेली तें येत नाहीं. मुलीची गोष्ट तर पुष्कळदां एका ओळींतच आटोपते. मेफेअर कुळाचें दप्तर म्हणजे परक्या माणसानें लिहिलेला कुलवृत्तांत होय. कुळानें स्वतः जें गाळलें असतें तेवढेंच त्यांत भरलेलें आहे. स्टेलाला भरल्या घरांत सख्ख्या भावानें गोळी घातली, तिची मुलगी अँथा पोटमाळ्याच्या खिडकींतून पडून मेली, अँथाची तान्ही मुलगी डियर्ड्रा आत्यामावश्यांच्या हातीं वाढली. प्रत्येक वेळीं बाहेर सांगितलेली हकीकत एक आणि नोकरचाकरांनीं पाहिलेली दुसरी. जे वाचक हीं पानें 'रटाळ' म्हणतात, ते भूत केव्हां येतें याची वाट पाहत बसतात. भूत त्या गाळलेल्या ओळींतच बसलेलें आहे.

आणि हें पटावें म्हणूनच कीं काय, लेखिकेनें पुस्तकाच्या अगदीं आरंभीं डियर्ड्रेस ओसरीवर बसविलें आहे. न्यू ऑर्लीन्समधील जुन्या घराच्या बाजूच्या, जाळी लावलेल्या ओसरींत ही बाई वर्षानुवर्षें एका खुर्चींत बसलेली. गळ्यांत कुळाचा पाचूचा हार, दृष्टि शून्य, तोंडांतून शब्द नाहीं. औषधांच्या जोरावर तिला असें ठेवलेलें आहे. एक तरुण डॉक्टर तीं औषधें कमी करावीं म्हणूं लागतो, तोंच घरांतील वडीलधारी कारलोटा त्यास गप्प बसविते. भुताचें दर्शन त्याला मागाहून होतें. आम्हांस कांपरें भरलें तें औषध टोंचण्याच्या त्या नित्यक्रमानें.

या कारलोटावरून वाचकांत जेवढें रण माजतें तेवढें लॅशरवरूनही माजत नाहीं. पहिल्या शंभर पानांत तिचा संताप न आलेला वाचक विरळा. भाचीच्या मुलीस वेडी ठरविली, तिची तान्ही लेंक काढून घेऊन दूरदेशीं धाडली, पुन्हां या गांवीं पाऊल टाकूं देणार नाहीं असें वचन लिहून घेतलें! पुढें मात्र तिचें म्हणणें ऐकावयास मिळतें, आणि अनेकांचें मत डळमळतें. तीनशें वर्षें जें या कुळांतील मुलींस गिळीत आलें, त्यास विरोध करणारी ती जवळजवळ एकटीच. तिनें संपत्तीचा मोह धरला नाहीं, सुख भोगिलें नाहीं, उभा जन्म त्या घराच्या पहाऱ्यावर घालविला. तेव्हां ती खलनायिका कीं धर्मयोद्धी? आमचें मत, ती धर्मयोद्धी असेल, पण तिनें लढण्यासाठीं रणभूमि निवडली ती दुसऱ्याच्या देहाची. शत्रु लॅशर आणि औषधाची सुई टोंचली डियर्ड्रेला. कुळाच्या हितासाठीं म्हणून एका व्यक्तीस जिवंतपणीं खुर्चींत पुरणारीं माणसें दुष्टच असतात असें नाहीं; पुष्कळदां तीं फार कर्तव्यदक्ष असतात. एकत्र कुटुंबांत ज्यांचा जन्म गेला त्यांना हें निराळें सांगावयास नको. राइसबाईंनीं कारलोटेस दुष्ट करून टाकली असती तर पुस्तक दोनशें पानांनीं लहान झालें असतें, आणि फार हलकें झालें असतें.

दुसरी मोठी तक्रार आम्हांस अर्धी मान्य आहे. या कुळांत शक्ति टिकावी म्हणून रक्ताचीं नातीं पुन्हांपुन्हां विटाळलीं जातात, आणि त्यांचें वर्णन लेखिका आखडत्या हातानें करीत नाहीं. शापाचें बीज येथेंच आहे हें समजण्यास एक प्रसंग पुरे होता. ज्यूलियन या पुरुषाचे चाळे तर इतक्या वेळां येतात कीं, प्रथम किळस येते व मग चक्क कंटाळा येतो. कंटाळा हा भयकथेस किळसेहून घातक. पुस्तक कुमारवयीन मुलांच्या हातीं देण्याचें नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु तेवढ्यावरून तें ज्यांनीं अश्लील ठरविलें, त्यांनीं लेखिका या कृत्यांची किंमत कोणाकडून वसूल करून दाखविते तें पाहिलें नाहीं. प्रेमसंवादांचा भडकपणा हाही दोष खराच. रोवन आणि मायकेल जितकें बोलतात त्याहून निम्में बोलते तर दुप्पट प्रिय झाले असते.

घराविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आढळतें, आणि तें योग्यच आहे. न्यू ऑर्लीन्सच्या गार्डन डिस्ट्रिक्ट भागांत फर्स्ट स्ट्रीटवर हें घर खरोखरच उभें आहे. तें १८५७ सालचें. राइसबाईंचा जन्म याच शहरांत १९४१ सालीं झाला. पुढें बरींच वर्षें कॅलिफोर्नियांत काढून त्या परतल्या, १९८९ सालीं हेंच घर विकत घेतलें, आणि त्यांतच चेटकिणींचें बिऱ्हाड मांडलें. मायकेल करी हाही त्याच शहरांतील गरीब आयरिश वस्तींत वाढलेला, सॅन फ्रान्सिस्कोंत जुनीं घरें दुरुस्त करून पैसा मिळविलेला, आणि लहानपणीं कुंपणाबाहेरून पाहिलेल्या त्या घरासाठीं झुरणारा असा रंगविला आहे. हें झुरणें लेखिकेनें उसनें आणलेलें नाहीं, हें वाचकास सांगावें लागत नाहीं. दमट हवा, ओकवृक्षांची गर्द छाया, गंजलेली जाळी, भिंतींवर चढलेल्या वेली, हे सर्व पानोपानीं येतें आणि तरी शिळें होत नाहीं. दूरचित्रवाणीवर २०२३ सालीं आलेल्या मालिकेवर जुने वाचक रागावले. मायकेल व ॲरन या दोघांस वितळवून तेथें एकच नवा पुरुष केला आहे. मायकेल गेला म्हणजे घराकडे बाहेरून पाहणारे डोळेच गेले, हें त्यांच्या रागाचें खरें कारण असावें.

राइसबाई स्वतः वाचकांच्या मतांविषयीं उदासीन मुळींच नव्हत्या. मेफेअर कुळास व आपल्या रक्तपिपासू पिशाच्चांस एकत्र आणणारें 'ब्लड कँटिकल' हें पुस्तक त्यांनीं २००३ सालीं काढलें, त्यावर वाचकांनीं कडक टीका केली, तेव्हां त्यांनीं जाहीर व तिखट उत्तर दिलें. ज्यांना पुस्तक आवडलें नसेल त्यांनीं तें आपल्याकडे परत पाठवावें, पैसे परत मिळतील, असेंही कळविलें. संपादकांची कात्री त्यांना सोसत नसे. 'विचिंग अवर'चे गुण आणि दोष दोन्ही या एकाच स्वभावांतून आलेले आहेत.

राहतां राहिला शेवट. तो संपूर्ण सांगून नव्या वाचकाचा रस आम्ही घालवीत नाहीं. रोवन नाताळच्या सुमारास एक निर्णय घेते, आणि त्यावरून वाचक तिला आजतागायत क्षमा करावयास तयार नाहींत. इतकी बुद्धिमान, इतकी सावध स्त्री अशी कशी फसली? आमच्या मतें तिची बुद्धिच तिला फसविते. लॅशर तिच्यापुढें भूत म्हणून येतच नाहीं, तो येतो शरीरशास्त्राचें एक न सुटलेलें कोडें होऊन. आणि मेंदू उघडून पाहण्यांत आयुष्य घालविलेल्या डॉक्टरनें कोडें न उघडतां परत ठेवावें, हें शक्य नव्हतें. पण हा पालट लेखिकेनें फार थोड्या पानांत उरकला, हें मात्र टीकाकारांचें म्हणणें बरोबर आहे. इतिहासास शेंकडों पानें आणि या एका घसरणीस मूठभर, हा हिशेब चुकला.

शेवटच्या पानांत मायकेल एकटाच त्या घरांत उरतो आणि वाट पाहतो. रोवनचें पुढें काय झालें हें 'लॅशर' या दुसऱ्या भागांत सविस्तर आहे. कित्येक वाचक पहिला भाग मिटतांच तो उघडतात. ज्यांना त्या रिकाम्या घरांत मायकेलजवळ थोडा वेळ बसावेसें वाटेल त्यांनीं तो निदान कांहीं दिवस उघडूं नये. आम्हीं तर वर्षभर उघडला नाहीं.