१६.७ मिलिसेकंद

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारे काउंटर आणि दुरुस्तीची टेबलं एकमेकांना खेटून असतात. तक्रार एकच असते: पीसी जुना झालाय, गेम अडकतो. काउंटरवर तिला ‘नवं ग्राफिक्स कार्ड’ हे उत्तर तयार असतं. टेबलावरचा कारागीर मात्र आधी कॅबिनेटची बाजू उघडतो आणि ब्लोअर हातात घेतो. पंख्यांत वर्षानुवर्षं बसलेल्या, तापून कडक झालेल्या धुळीचा एक कोंदट, करपट वास असतो. बिघाडाबद्दल पहिली माहिती पुष्कळदा तोच वास देतो. या दोघांत टेबलावरच्या माणसाचं ऐकावं, असं माझं मत आहे. तो स्वस्तात काम करतो म्हणून नव्हे, तर उत्तर देण्याआधी तो मशीनला विचारतो म्हणून.

मशीनला विचारायचं म्हणजे मोजायचं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालायचा तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोघांनाही आपापलं काम तेवढ्यात उरकावं लागतं. दोघांपैकी जो उशीर करतो, त्याच्यासाठी दुसरा थांबून राहतो. म्हणून सरासरी एफपीएस पाहून फारसं काही कळत नाही. सरासरी ६० दिसत असतानाही मध्येच एखादा फ्रेम ५० मिलिसेकंद घेतो आणि नेमका तोच झटका खेळणाऱ्याच्या हाताला जाणवतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा वेळ रेषेच्या रूपात पडद्यावर दाखवतं. ती रेषा पाहत गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणायचं. रेषा खाली आली तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. जागची हलली नाही तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय, आणि अशा मशीनमध्ये कितीही महागडं कार्ड बसवलं तरी ते बराचसा वेळ वाट पाहत बसेल. व्हॅलोरंटसारखे स्पर्धात्मक गेम ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरवरच जास्त विसंबून असतात. नेमक्या त्याच खेळांसाठी मुलं घरी नवं कार्ड मागतात, हे पाहून वाईट वाटतं.

शिवाय पुष्कळ मशीन मुळात म्हातारी झालेलीच नसतात. थर्मल पेस्ट सुकते, हीटसिंकच्या पात्यांत धूळ अडकते, आणि तापलेली चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतली हवाच चाळिशीच्या पुढे असते, तिथे बंद कॅबिनेटच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. रॅमचीही तीच गत. पैसे वाचवायला एकच स्टिक लावली की मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. स्टिकवर ३२०० छापलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सएमपी ही छापील वेग देणारी सेटिंग चालू केलेली नसल्यामुळे ती २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते. रायझन प्रोसेसरच्या आतली जोडणीही रॅमच्या वेगाशी बांधलेली असते, त्यामुळे तिथे हा फरक ठळक दिसतो. ही दुरुस्ती करायला फारसे पैसे लागत नाहीत. ती केल्याशिवाय खरेदीचं नाव काढणं मला अन्यायाचं वाटतं.

यावर आक्षेप येतो की जुन्यात किती पैसे घालायचे, त्यापेक्षा एकदाच सगळं नवं घ्यावं. याचं उत्तर मशीनगणिक बदलतं, म्हणून एक नेहमीची जोडी घेऊ: २०१७चा रायझन ५ १६०० आणि २०१६चं ६ जीबीचं जीटीएक्स १०६०. हा प्रोसेसर एएम४ सॉकेटमध्ये बसतो आणि त्याच सॉकेटसाठी एएमडीने एप्रिल २०२२मध्ये ९६ एमबी एल३ कॅशचा ५८००एक्स३डी आणला. तेव्हा पाच वर्षं जुन्या असलेल्या बोर्डालाही, कंपनीने बायोस दिला असेल तर, तो किंवा स्वस्तातला ५६०० चालतो. बोर्ड तोच, डीडीआर४ रॅम तीच. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५ला डीडीआर५ शिवाय चालत नाही. अशा वेळी हातात असलेल्या डीडीआर४ स्टिक टाकून देणं परवडणारं नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची गोष्ट मात्र वेगळी. आठव्या पिढीचं सॉकेट नावाने तेच, एलजीए ११५१, पण जुन्या बोर्डावर ते प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. तिथे प्रोसेसर बदलणं म्हणजे बोर्डही बदलणं, आणि मग सगळं नवं घेण्याचा सल्ला खरोखर पटण्यासारखा ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोजमापातून वेग कळतो, नसलेली क्षमता कळत नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) या गेमना हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग लागतंच. १०६०मध्ये ते नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. एनव्हिडियानेही २०२५च्या ऑक्टोबरनंतर या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नियमित पाठबळ संपलं, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचा रायझन नाही. हे मान्यच करायला हवं. पण इथेही वय हे कारण नाही, अमुक एक उणीव हे कारण आहे, आणि ती नाव घेऊन सांगता येते. ज्याला हे दोन गेम खेळायचेच आहेत त्याने कार्ड घ्यावं. ज्याचा वेळ जुन्याच खेळांत जातो, त्याच्यासाठी ५६०० टाकला की विंडोज ११चा प्रश्नही सुटतो आणि १६.७ मिलिसेकंदांची रेषही बरीचशी हातात येते.

कार्ड घेताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग. त्यातले कपॅसिटर उष्णतेने झिजतात, आणि जुना, बिननावाचा एसएमपीएस बिघडला तर सोबत नवं कार्डही नेऊ शकतो. हा खर्च टाळू नये. दुसरी, जुन्या बोर्डाची पीसीआयई ३.० जोडणी. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं आणि मेमरीही ४ जीबीचीच, त्यामुळे अशा बोर्डावर ते चांगलंच अडखळतं. स्वस्त म्हणून जुन्या मशीनसाठी सुचवलं जाणारं हे कार्ड जुन्या मशीनलाच सोसत नाही.

प्रोसेसर बदलायचा तर आधी बोर्डाच्या कंपनीची सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा; उलट क्रमाने गेलं तर मशीन सुरूच होत नाही. मग पेस्ट नवी, एक्सएमपी चालू, आणि पुन्हा त्याच गेममधलं तेच दृश्य, तीच रेषा. ती १६.७ च्या खाली स्थिर राहिली तर कार्डाचे पैसे सध्या खिशातच राहू द्यावेत. वर उड्या मारत राहिली आणि रिझोल्युशन उतरवल्यावर खाली आली, तर कार्ड आता घ्यायला हरकत नाही.